'लीव्ह'मध्ये न बसणारी गोष्ट

त्या दुपारी तिसऱ्यांदा तेच घडलं. जपानमधल्या बेप्पूच्या चढावरच्या, गरम पाण्याच्या छोट्या सार्वजनिक स्नानगृहाशी एक गोरं जोडपं आलं, दाराजवळची पाटी वाचली, ओशाळं हसलं, कमरेत वाकलं आणि... चक्क माघारी वळलं!

काउंटरवरच्या चिगुसाला रडूच यायचं बाकी होतं. वडील थकल्यापासून स्नानगृह ती एकटीच चालवत होती.

"एवढं कळकट दिसतं का आमचं?" ती पुटपुटली.

"कळकट नाही हो... पण तुम्हीच तर हाकललंत त्यांना!" खांद्यावर टॉवेल टाकलेला एक उंच तरुण पाटीपाशी उभा होता. "प्लीज लीव्ह. म्हणजे, कृपया निघा!"

"काहीतरीच! खाली 'शूज हिअर' आहे की. जोडे इथे ठेवा. डिक्शनरी बघून लिहिलंय मी!"

त्यानं छत्र्यांचा स्टँड बाजूला सारला. मागून 'शूज हिअर' निघालं. चिगुसाचे कान लालबुंद झाले. आणि तो असा काही हसला, की तिलाही हसू आवरेना.

हे कुराता सर. जवळच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. घरचा गीझर बिघडला म्हणून आले होते. गीझर आठवड्यात दुरुस्त झाला, पण सर काही यायचे थांबले नाहीत.

अंघोळीनंतर कॉफी घातलेल्या गार दुधाची बाटली हातात घेऊन ते काउंटरशी रेंगाळत. ओल्या केसांतून कपाळावर थेंब ओघळत... आणि चिगुसा उगाचच टॉवेलांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसे.

"नुसतं 'लीव्ह' म्हणजे निघणं," ते सांगत. "पुढे वस्तू आली की ठेवणं. विसरून राहिली तरी 'लीव्ह'च. आणि 'माझ्यावर सोपवा' म्हणायचं असेल, तरी तोच शब्द."

"बाई गं! आणि पुढे माणूस आला तर?"

"मग... सोडून जाणं."

मार्चअखेर बदल्यांची यादी लागली. कुराता सरांचं नाव हिमेशिमा बेटावर. तीन वर्षं! बातमी आणली ती पलीकडच्या गल्लीतल्या तोमे आजीनं, तीही डोक्याला साबण फासलेला असताना, बायकांच्या बाजूच्या पडद्यातून मुंडकं काढून. मोजत असलेली चिल्लर चिगुसानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. तिला कुराता सर आवडत होते. किती, ते तिला त्या क्षणी कळलं.

शेवटच्या दिवशी ते आले, अंघोळ केली, दूध प्यायले. रिकामी बाटली काउंटरवर ठेवली.

"सर, त्या 'लीव्ह'मध्ये..." तिनं एका टॉवेलाची घडी मोडली. "परत येणं कुठे बसतं?"

"बसत नाही. निघालं की निघालं. परत यायला वेगळा शब्द लागतो."

"कंजूष आहे हो तुमचं इंग्रजी!" ती हसली, पण डोळे काही हसले नाहीत.

ते वाकून जोडे घालू लागले. नाडी बांधायला किती वेळ लावावा माणसानं... अखेर उठले. स्नानगृहातून निघताना गिऱ्हाईक 'बरं वाटलं, आभारी आहे' म्हणतं, फार तर 'निघतो' म्हणतं. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकंसुद्धा तेवढंच म्हणतात. परत येण्याचे शब्द जपानीत फक्त घरच्या माणसांचे. ते आपल्या उंबऱ्यातून निघतानाच म्हणायचे असतात.

कुराता सरांनी घसा खाकरला. त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते काही गरम पाण्यानं नव्हे.

"चिगुसा-सान... जाऊन येतो."

तिच्या हातातला टॉवेल गळून पडला. बायकांच्या बाजूला पाण्याचा आवाजही थांबला.

"अगं ए, बहिरी झालीस का?" पडद्याआडून तोमे आजी कडाडली. "घरच्यासारखं बोलला तो! उत्तर दे ना, मला इथे थंडी वाजतेय!"

"कधी..." चिगुसानं कसाबसा शब्द जुळवला. "म्हणजे, परत कधी?"

"शनिवारी. पहिल्या बोटीनं. दर शनिवारी... चालेल ना?"

'जाऊन या' म्हणायचं होतं तिला. सरांना सगळं गाव 'या'च म्हणतं.

"जाऊन ये," ती म्हणाली.