वेळेआधी उभं केलेलं मुसळ

रविवारी दुपारी चार वाजता प्रीतीने तिसऱ्यांदा वरणभात गरम केला आणि सासूबाईंच्या पलंगाशी नेला. कौसाबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

“आई, सकाळी आठला इन्सुलिन दिलंय तुम्हाला. अकराला दोन घास खाल्लेत. ग्रहण सुटणार रात्री दीडला. तोवर साखर कुठे जाईल, माहितीये?”

“कुठं जाईल? डब्यात हाय.”

“हे बघा, पंचांगातच लिहिलंय. आजारी माणसांना सव्वापाचपर्यंत वेध नाहीत. सवलत आहे.”

“सवलत एस्टीत असते. गिराणात नाय.”

एरवी प्रीती हसली असती. पण आदल्या दिवशी गणपती विसर्जनामुळे अर्धी माणसं रजेवर, म्हणून आनंदनगरच्या रंगाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत, तिने दोन पाळ्या सलग केल्या होत्या. नवरा यज्ञेश आज रात्रपाळीला होता. आणि गेली आठ वर्षं कौसाबाईंचं जेवण, सुया, अंघोळ, रागरुसवे हे सगळं अंबरनाथ पूर्वेच्या या दोन खोल्यांत तिच्याच हातून जात होतं. थकवा आता अंगात येत-जात नव्हता. तो तिथेच राहायला होता, भाडेकरूसारखा.

“मग खाणार कधी?”

“गिराण लागलं की परातीत मुसळ उभं करायचं. सुटलं की ते आपोआप पडतं. पडलं की खाईन.”

दाराआड ते मुसळ होतंच. बदलापूरच्या पलीकडचं गाव सुटलं, शेतात टॉवर आले, पण कौसाबाईंनी खैराचं ते मुसळ काही सोडलं नाही. माणसाच्या छातीएवढं उंच, बुडाला लोखंडी कडं, आणि मध्यावर पिढ्यांच्या मुठींनी झिजून बारीक झालेली कंबर.

प्रीतीने ते उचललं. स्वयंपाकघरात पितळी परात मांडली, दोन तांबे पाणी ओतलं आणि मधोमध मुसळ उभं केलं. हळूच हात काढला. ते उभं राहिलं.

“या, बघा! अजून सहा तास आहेत ग्रहणाला. उभं राहिलं की नाही? बूड सपाट, फरशी सपाट, म्हणून राहतं. रोज राहील. चंद्राचा आणि त्याचा काही संबंध नाही.”

कौसाबाई भिंत धरत दारापर्यंत आल्या. बघितलं. त्यांचा चेहरा रागावला नाही, उतरला.

“हे काय केलंस गो?”

“काय केलं?”

“गिराणानं उभं केलेलं गिराणासंगं पडतं. हे तू उभं केलंस.” त्या पुन्हा पलंगाकडे वळल्या. “आता हे कुणाच्या सांगण्यावरनं पडायचं?”

प्रीतीने ते तसंच राहू दिलं. मनात म्हटलं, बरंच झालं. दीड वाजला की मीच बोटाने ढकलेन, आणि म्हणेन, पडलं.

आठ वाजता सुई टोचून साखर पाहिली. अठ्ठ्याण्णव. दहाला एक्याऐंशी. प्रीतीने आकडे वहीत वेळेसकट लिहिले, प्रयोगशाळेत लिहायची तसेच. सत्तरच्या खाली गेली तर ऐकायचं नाही, जबरदस्तीने ग्लुकोज पाजायचं, असं तिने ठरवलं.

खालच्या मजल्यावरचे जयदेव, उल्हासनगरला पडद्यांच्या कापडाचं दुकान असलेले, दुर्बीण गळ्यात अडकवून गच्चीकडे निघाले होते. दारातून ओरडले, “भाभी, ऊपर आ जाओ! फुकट का शो है. चांद को लोडशेडिंग लागली!”

“आईंना सोडून नाही येता येत, भाई.”

“अरे, पृथ्वी की परछाई है, और क्या! आमची मम्मी पण सकाळपासून उपाशी. मी सांगून थकलो. साइंस उसके सामने हात जोडती है.” ते हसत वर गेले.

साडेदहाच्या सुमारास खालच्या रस्त्याने एक डंपर गेला. भांडी किणकिणली. परातीतल्या पाण्यावर बारीक वलयं उठली आणि काठाला लागून परत आली. प्रीती ओट्याशी उभी राहून पाहत होती. पाणी थरथरलं. मुसळ थरथरलं नाही.

वजन जास्त, तिने स्वतःला सांगितलं.

अकराला ढगांच्या फटीतून चंद्र दिसला. पूर्ण झाकलेला, विझत आलेल्या विटेच्या भट्टीसारखा तांबूस. गच्चीवर लोक ओरडले, कुणीतरी शिट्टी मारली. घरात एरवी खिडकीतून येणारा उजेड गेला. तिने दिवा लावला नाही. कौसाबाईंना उजेड नको होता.

अंधारात त्या पुटपुटत होत्या. आधी प्रीतीला वाटलं जप. मग चाल ओळखू आली.

“साळी कांडता कांडता, हात आलाया भरून,
जाऊबाई घे मुसळ, नको बघूस दुरून.”

आवाज कोरडा होता, पण ओवीला लागणारा झोका त्यात शाबूत होता. प्रीतीने सुई टोचली. एकोणसत्तर.

ती ग्लुकोजचं पाणी घेऊन आली. कौसाबाईंनी दात आवळले. चमचा दातांवर वाजला, पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. तीनदा असंच झालं. चौथ्यांदा प्रीतीचा हात खाली आला आणि तिच्या मनात एक विचार शांतपणे येऊन बसला: नका खाऊ. एकदाच नका खाऊ. मग मला झोपता येईल.

ती दचकून उठली. आपल्या मनातलं कुणी ऐकलं तर नाही ना, असं वाटून उगाच स्वयंपाकघरात गेली.

मोबाइलच्या उजेडात मुसळ होतं तसंच होतं. फक्त मध्यावर, त्या झिजलेल्या कंबरेवर, चार बोटं रुंदीचा ओलसर पट्टा आला होता. वरचं लाकूड कोरडं, खालचं कोरडं. तिने बोट लावलं. पाण्याचा ओलावा गार असतो. हा कोमट होता.

“आई, तुम्ही उठला होतात?”

“मी कशी उठीन? पाय हायेत का माझे?” आणि जरा थांबून, “घाम आला असल. किती वेळ धरून हाय ती.”

“कोण?”

“थोरली जाऊ. गावाला संगं कांडायचो आमी,” कौसाबाई कण्हल्या.

त्यानंतर तिने आणखी दोनदा ग्लुकोजचा चमचा लावून पाहिला, दात उघडले नाहीत. एक वाजून सत्तावीस मिनिटांनी चंद्र सुटला. गच्चीवरून टाळ्या ऐकू आल्या. इमारतभर नळ सुरू झाले, बादल्या वाजल्या. लोक अंघोळीला लागले. प्रीतीने साखर पाहिली. अठ्ठावन्न. कौसाबाईंचे हात थरथरत होते, कपाळावर गार घाम होता आणि त्या आता नाव घेतलं तरी नीट ओ देत नव्हत्या.

“सुटलं, आई! ग्रहण सुटलं. खा.”

“पडलं?”

“पडलं.”

“आवाज नाय आला.”

प्रीती स्वयंपाकघरात धावली. बोट नाही, पूर्ण तळहात लावून मुसळ ढकललं.

ते हललं नाही असं नाही. कणभर हललं आणि परत आलं. कुणाच्या हातातली वस्तू ओढावी आणि त्या माणसाने नकळत मूठ घट्ट करावी, तसं.

तिने दोन्ही हातांनी ढकललं. पुन्हा तसंच.

मग तिला परात सुचली. खालून परात ओढली की पडेलच. ती गुडघ्यांवर बसली, काठ धरला आणि जोराने ओढला. परात सहज सरकली. वर काहीच उभं नसल्यासारखी. अर्धी सरकली, पाणी फरशीवर सांडलं, आणि प्रीतीने काठ सोडून दिला. तिला पूर्ण ओढायची नव्हती. मुसळाखाली काय आहे, काय नाही, ते तिला बघायचं नव्हतं.

“प्रीती.” बाहेरच्या खोलीतून कौसाबाईंचा आवाज आला, अगदी क्षीण. “हातबदल मागतीय ती. दमली. घे ना गो.”

जयदेवभाईंना हाक मारावी. गाडी काढायला सांगावी. दवाखाना वीस मिनिटांवर आहे. वीस मिनिटं म्हणजे किती आकडे?

ती उठली.

मुसळाच्या कंबरेला तिने हात घातला, त्या ओल्या पट्ट्याच्या जरा वर, जिथे दुसरीचा हात यायला हवा तिथे.

“द्या,” ती म्हणाली. आपण अहो-जाहो का केलं, ते तिला कळलं नाही.

आणि वजन आलं.

सगळं एकदम आलं, खांद्यापर्यंत. तिने ते कसंबसं तोललं आणि फरशीवर आडवं ठेवलं. लोखंडी कडं खणकन वाजलं.

“पडलं,” बाहेरून कौसाबाई म्हणाल्या.

त्यांनी गूळ तोंडात घेतला. मग तुळशीचं पान टाकून ठेवलेलं दूध, मग दूधभात, लहान मुलासारखा, मिटक्या मारत. अडीचला साखर एकशेचार. प्रीतीने आकडा लिहिला. अक्षर वाकडं आलं. तिने सासूबाईंचं तोंड पुसलं, पांघरूण घातलं, आणि त्यांनी तिच्या मनगटावरून एकदा हात फिरवला. आठ वर्षांत पहिल्यांदाच.

मग ती फडकं घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दिवा लावला.

परातीतलं पाणी फरशीभर पसरलं होतं. ओट्याखाली, सिलिंडरभोवती, भिंतीपर्यंत. फक्त भिंतीला लागून एक जागा कोरडी होती. पाणी तिथपर्यंत येऊन वळलं होतं. गुडघे पोटाशी घेऊन, पाठ टेकून एक बाई बसावी, तेवढी ती जागा होती.

प्रीती उंबऱ्यावर बसली. ओरडायचं त्राण तिच्यात नव्हतं. दमलेल्या माणसाला उठवू नये, एवढंच तिला सुचलं. तिने दिवा पुन्हा मालवला. चंद्र आता खिडकीत होता, धुतलेल्या ताटासारखा, आणि फरशी चकाकत होती.

बऱ्याच वेळाने पाण्याची एक जीभ पुढे सरकली. मग दुसरी. कडेकडेने, सावकाश, ती कोरडी जागा भरत गेली, आणि भिंतीपर्यंत सगळी फरशी सारखी ओली झाली.

मागे, बाहेरच्या खोलीत, कौसाबाई झोपेतल्यासारख्या आवाजात कुणाला तरी म्हणाल्या, “ये. मी सरकते.”

पलंग एकदा करकरला. थोड्या वेळाने पुन्हा.