नोंद क्रमांक एकेचाळीस

मोबाइल बंद करा आधी. बंद करून काही उपयोग नसतो म्हणा, पण करा. आणि ही कुठली तरी ऐकीव थाप आहे असं समजू नका. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माणूस माझ्या छापखान्यात, माझ्यासमोर बसून घटाघटा पाणी प्यायला होता.

आम्ही त्यांना मेजरसाहेबच म्हणायचो. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी बुटांना पॉलिश रोजचं. गेल्या वर्षी सोळा जानेवारीला, गुरुवारी, संध्याकाळी साडेसहाला ते घरून निघाले. काम साधं होतं. आपल्या आठवणींच्या पुस्तकाची तपासलेली प्रुफं मला आणून द्यायची. तासाभराचा रस्ता. "जेवायला घरीच आहे गं," असं बायकोला सांगितलं, प्रुफांचा गठ्ठा शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडी काढली.

खिशात मात्र एक पत्र होतं. महिनाभर तिथंच होतं, कारण उत्तर द्यायची हिंमत होत नव्हती.

पत्र एका मुलीचं. तिचा बाप वार्ताहर होता, लढाईच्या बातम्या द्यायचा. बारा वर्षांपूर्वी लढाई पेटली तेव्हा वार्ताहरांना सांभाळायचं काम मेजरसाहेबांकडे होतं. कोणी कुठं जायचं, काय छापायचं नाही, सगळं ह्यांच्या हातात. पद्धत अशी, की गाडी बाहेर काढण्याआधी वार्ताहराने फोन करून गाडी, माणसं आणि रस्ता सांगायचा. साहेब वहीत लिहिणार, क्रमांक देणार, आणि ती यादी तोफखान्याकडे जाणार. आपल्याच लोकांनी चुकून त्या गाडीवर गोळा टाकू नये, म्हणून एवढा खटाटोप. हा वार्ताहर दर वेळी शेवटी विचारायचा, "निघू का?" साहेबांनी "निघा" म्हटल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. बायकोला तसा शब्दच दिला होता त्याने.

एके दिवशी सकाळी त्याने छापलं, की चौकीवरच्या जवानांचे बूट फाटलेत. खरं होतं ते. पण त्यावरून वरिष्ठांनी साहेबांची अशी खरडपट्टी काढली, की विचारू नका. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. पांढरी गाडी, छतावर चिकटपट्टीने 'पत्रकार' लिहिलेलं, तो आणि ड्रायव्हर असे दोघं, पुलावरचा रस्ता. साहेबांनी क्रमांक दिला, एकेचाळीस. "निघा" म्हणाले. आणि न लिहिताच वही मिटली. यादीत नाही म्हणून नाक्यावर अडवतील, बसू दे तासभर ताटकळत, चांगली जिरेल. एवढाच विचार होता डोक्यात.

साडेसातला साहेबांसमोरच्या पडद्यावर पुलाचं चित्र आलं. वर ड्रोन घिरट्या घालत होतं. अंधारात त्याच्या कॅमेऱ्याला छतावरची अक्षरं दिसत नाहीत, फक्त गरम इंजिनाचा पांढरा ठिपका दिसतो. ड्रोनवाल्याने विचारलं, "साहेब, ही यादीत आहे का?" यांनी सवयीने यादी पाहिली. "यादीत नाही." खोटं नव्हतं ते. आणि मग आठवलं. तोंड उघडलं... तोवर अख्खा पडदा पांढरा झाला होता.

चौकशीत साहेब म्हणाले, फोन आलाच नव्हता. पेपरांनीही तेच छापलं. पुस्तकातही तेच वाक्य होतं, पान एकशे बारा. आणि मुलीने पत्रात लिहिलं होतं, "आई अजून बाबांवर रागावलेली आहे. शब्द मोडून गेले म्हणते, त्यांचा फोटो भिंतीवर लावू देत नाही. त्यांनी फोन केला होता का, एवढंच सांगा."

तर ते पत्र खिशात घेऊन साहेब चालले होते. सात वाजून दहा मिनिटांनी मोबाइल वाजला. नंबर दिसेना. गाडी कडेला घेऊन उचलला.

"नमस्कार, साहेब. पांढरी गाडी. दोघं जण. पुलावरून जाणार. नोंद घ्या."

कोणी चेष्टा करतंय म्हणावं, तर आवाज ओळखीचा. बारा वर्षं रोज मनात ऐकलेला. त्यांनी फोन पूर्ण बंद केला, समोरच्या कप्प्यात टाकला आणि गाडी पुढे काढली. पूल आला. गावाबाहेरचा, तुम्ही सायकली पिटाळता तोच.

पुलाच्या मध्यावर गाडी बंद पडली. दिवेही गेले.

कप्प्यात फोन वाजला. बंद केलेला फोन.

त्यांनी हात लावला नाही. तरी आवाज आला.

"नोंद घेतली ना, साहेब?"

...

"निघू का?"

साहेबांना 'निघा' म्हणवेना. 'थांबा' म्हणवेना.

मग वरून घरघर ऐकू आली. बारीक. डोक्यावर गोल गोल फिरणारी. काचेतून वर पाहिलं. काही नव्हतं... नुसता आवाज. आणि तेव्हा लक्षात आलं, आपलीही गाडी पांढरीच आहे.

फोनमधून कोणी तरी विचारलं, "साहेब, ही यादीत आहे का?"

वहीची पानं उलटल्याचा आवाज.

मग उत्तर. त्यांच्याच आवाजात. बारा वर्षांपूर्वीच्या.

"यादीत..."

"थांबा!" साहेब किंचाळले. "लिहितो... लिहितो मी!"

गठ्ठ्यातलं हाताला लागलं ते पान ओढलं. मागच्या कोऱ्या बाजूवर, अंधारात, लिहिलं.

घरघर थांबली. गाडीचे दिवे लागले.

आठ वाजता ते माझ्या दारात उभे. पाणी प्यायले, सगळं सांगितलं, पान पुढे केलं. अक्षर वेडंवाकडं, पण त्यांचंच. 'सायंकाळी सात-दहा. पांढरी गाडी. दोन माणसं. पुलाचा रस्ता. क्रमांक एकेचाळीस. फोन आला होता. मी लिहिलं नाही.' खाली सही. पान उलटून पाहिलं, तर एकशे बाराच निघालं.

मी म्हटलं, "साहेब, हे त्या मुलीला पाठवून द्या. सुटाल."

त्यांनी पान माझ्या हातातून परत घेतलं. मग म्हणाले, "नातवंडांना काय तोंड दाखवू हो?" पान चुरगळलं आणि कोपऱ्यातल्या पेटत्या शेगडीत टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत त्याची राख झाली. मला हात धरता आला असता त्यांचा. नाही धरला. मोठा माणूस, जुनं गिऱ्हाईक, कशाला दुखवा... ते अजून मला खातं.

दहा दिवसांनी ती मुलगी छापखान्यात आली. हातात तेच पान. ना चुरगळल्याची खूण, ना जळल्याचा डाग.

"टपालाने आलं," ती म्हणाली. "पाठवणाऱ्याचं नाव नाही. पण मागे तुमच्या छापखान्याचा शिक्का दिसला, म्हणून आले. काका, हे कोणी लिहिलंय?"

या वेळी मी गप्प बसलो नाही. नाव सांगितलं, सगळं सांगितलं. ते पुस्तक काही निघालं नाही, आणि साहेबांनी पुन्हा गाडीला हात लावला नाही.

मुलगी रडली. म्हणाली, "आईने हे वाचलं आणि उठून बाबांचा फोटो लावला." मग सहीच्या खाली बोट ठेवून विचारलं, "पण हा शेवटचा शब्द? हे अक्षर साहेबांचं नाही. आई म्हणते, बाबांचं आहे."

ते पान शेगडीत पडलं, तेव्हा सहीखाली काही नव्हतं. शपथेवर सांगतो.

आता तिथं लिहिलं होतं... 'निघतो.'