चौथ्या चाकाची रेघ

गंधार म्हापशाला निघाला होता. बांद्याला थांबला तो फक्त चाकात हवा भरायला. पण पुढचे दोन महिने म्हापसा काही त्याच्या नशिबात नव्हतं.

हवा भरणारी मुलगी टायरजवळ उकिडवी बसली ती बराच वेळ उठलीच नाही. मग कपाळावरची बट मनगटानं मागे सारत तिनं विचारलं, "ह्या टायरांर बसान खंय चल्लास तुमी?"

"म्हापशाक. गाडी वायच… जोरदार करून घेवची आसा." त्यानं खिशातून यादी काढली. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, इंजिनाची ताकद वाढवणारं ट्युनिंग, वर मागच्या बाजूला पंख! तो मूळचा कुणकेश्वरचा, नोकरी आंबोलीच्या बँकेत, खोली सावंतवाडीत. रोज घाटात ट्रकांच्या मागे रखडून वैतागलो, म्हणाला.

हरिश्चंद्र मेस्त्रींच्या त्या गॅरेजात त्यांची लेक चारुताच आता जास्त काम करायची, आणि तिची जीभ पान्यापेक्षा कडक होती. "फुडे जावक ताकद होयी, खरा. पण थांबतलास कशान? ब्रेक कितके झिजले आसत, बघितलास?"

"आणि सायलेन्सर?"

"तो तर नकोच. तसलो भोंगो लावलास तर गाडी काय बोलता ता तुमका ऐकाक येवचा नाय."

"गाडी बोलता?"

"बोलता तर! ऐकणारो होयो."

तो हसला. डावीकडे खळी पडते, हे चारुतानं उगाचच लक्षात ठेवलं.

मग बँकेला सुटी असलेल्या प्रत्येक शनिवारी स्वारी हजर. टायर कुठले घ्यावेत, स्प्रिंग बदलाव्यात का, ब्रेकचे पॅड कसले… एवढ्या प्रश्नांत लोकांचं घर बांधून होतं! 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. शनिवारी चारुता धुतलेला डगला घालू लागली. बाबांना ते दिसलं, पण त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं.

शेवटी नवे टायर आणि ब्रेक आले, आणि नेमकं त्याच आठवड्यात फोंड्याहून चारुताला स्थळ आलं. रविवारी मुलगा बघायला येणार होता.

शनिवारी दुपारी ती गाडीपाशी बसली. बाबांचा एक नियम होता. नट मोठ्या पान्यानं आवळला की त्यावरून पांढऱ्या रंगाची रेघ मारायची. रेघ नाय, तर गाडी नाय. तीन चाकांच्या बारा रेघा झाल्या. मागच्या डाव्या चाकाचे नट ती हातानं फिरवून बसवत होती, तेवढ्यात गंधार शेजारी येऊन बसला.

"चारुता… एक विचारू?"

"विचार."

"उद्या…" तो टायरची नक्षी नखानं कोरू लागला. "उद्या गॅरेज बंद आसा?"

म्हणजे याला कळलं होतं! तिनं मान वर केली नाही. "बंद. कित्या, ता ऐकलंच आसतलंस."

"हय."

तो नुसताच उठून उभा राहिला. तिनं जॅक खाली केला, डगल्याला हात पुसले. "घाटात ब्रेक बघून येतंय," असं पुटपुटून तो गेला. गाडी दिसेनाशी झाल्यावरच तिनं वर पाहिलं.

"रेघो मारलंस मां सगळे?" बाबांनी सवयीनं विचारलं.

"मारले," ती सवयीनं म्हणाली. आणि मग तिला मोठा पाना दिसला. तो उजव्या बाजूला पडला होता, तिसरं चाक होतं तिथं. चौथ्या चाकापर्यंत तो पोचलाच नव्हता.

तिनं फोन लावला… संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच.

"बाबा, स्कूटर!"

घाटाकडे जाणाऱ्या दाणोलीच्या रस्त्यावर भुरभुर पाऊस तोंडावर टोचत होता. पाना आणि पांढऱ्या रंगाची बाटली डिकीत खडखडत होती. प्रत्येक वळणावर ती आधी रस्ता नाही, कडेचा खड्डा बघत होती. हातानं बसवलेले चार नट किती टिकणार? फोंड्याचं स्थळ, उद्याचे पोहे, लोकांची तोंडं… सगळं मागे पडलं. त्याच्यावर आपला जीव आहे, हे तिला तेव्हा पुरतं कळलं. "कुणकेश्वरा, तुझ्या गावचो आसा. सांभाळ त्याका."

घाटाच्या पहिल्या वळणाअलीकडे गाडी उभी होती. चारही दिवे लुकलुकत होते आणि आत कोणीच नव्हतं.

"गंधार!"

"हंय आसंय." पलीकडून आवाज आला. तो मागच्या डाव्या चाकापाशी बसला होता, भिजून चिंब, आणि एकेक नट बोटांनी हलवून बघत होता. "टक्… टक्… असो आवाज येय होतो. तू म्हणालंस, गाडी बोलता. म्हणान थांबलंय. तुझे ब्रेक बरे लागतत हां!"

ती मट्कन रस्त्यावरच बसली आणि रडली. "चूक माझी. तुका काय झाला असता तर…"

"अर्धी माझी. मी मधीच विचारूक बसलंय. ता पण धड विचारूक नाय." तो जवळ सरकला. "आता विचारू?"

"आदी माका नट आवळूक दी."

तिनं नट आवळले. चारही. मग पुन्हा पहिल्यापासून. त्यानं रुमालानं चाक पुसलं आणि तिनं चार रेघा मारल्या.

"आता विचार."

"त्या फोंडेकाराक… नको म्हणान सांगशीत? माझ्यासाठी?"

तिनं त्याचा ओला हात ओढला, डगल्याच्या आतल्या बाजूनं कोरडा केला आणि मनगटावर एक सरळ, पांढरी रेघ मारली.

"ह्येचो अर्थ काय?"

"बाबांक विचार."

दोघं परत आले तेव्हा हरिश्चंद्र मेस्त्री दारातच उभे होते. त्यांनी वाकून चौथं चाक पाहिलं. मग गंधारच्या मनगटाकडे पाहिलं, बराच वेळ.

"रेघ मारलंस ती बरी," ते लेकीला म्हणाले. "पण आदी तपासलंस मां गो?"

"दोनदा, बाबा."

"मगे फोंड्याक मी फोन करतंय," म्हणत ते आत गेले.