भरून दिलेलं भांडं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तिथे होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घातलेला मला चालत नाही.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीचा जानेवारी. नेब्रास्कातलं एल्डन रिज नावाचं गाव.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती.

माझे पुरुषोत्तमकाका त्या गावाचे एकुलते एक डॉक्टर. मी त्याच राज्यातल्या लिंकन शहरात एमएस करत होते, सुट्टीत त्यांच्याकडे गेले होते. गाव म्हणजे काय, एक रस्ता, धान्याचं एक उंच कोठार आणि चारी बाजूंना गवताळ माळ. नजर जाईल तिथपर्यंत सपाट. पुण्याच्या माणसाला पहिल्या दिवशी गरगरायचंच.

पण गावात माणुसकी होती. आग लागली की गावातलेच लोक बंब घेऊन धावायचे. कम्युनिटी हॉलमधून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना गरम डबा जायचा. बर्फाचं वादळ आलं की हॉलवरचा भोंगा वाजत ठेवायचे. वाट चुकलेल्याला आवाजाच्या रोखाने येता यावं म्हणून. आणि कुणी नवीन आलं किंवा आजारी पडलं, की बायका घरून काहीतरी शिजवून आणून द्यायच्या. भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी. खाऊन झालं की भांडं धुऊन परत.

रिकामं.

आमची शरयूकाकू कसली ऐकते!

"रिकामं भांडं परत देतात का कुणी? आपल्यात नाही चालत," म्हणायची आणि प्रत्येक भांड्यातून चिवडा, लाडू, नाहीतर शिरा पाठवायची. गावकऱ्यांना आधी गंमत वाटली, मग चटक लागली.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मागच्या दाराच्या पायरीवर एक भांडं आलं. निळं, इनॅमलचं, टवके उडालेलं. आत तांदळाची गोड खीर.

बुडाला नाव नव्हतं...

काकूने भांडं धुतलं, त्यात शिरा भरला आणि पायरीवर ठेवून दिलं. थोड्या वेळाने पाहिलं तर भांडं गेलेलं.

बर्फात पाऊल मात्र एकही नाही.

"वाऱ्याने बुजली असतील गं," काकू मला म्हणाली. मी गेले तेव्हा ते भांडं दुसऱ्यांदा आलेलं होतं आणि धुऊन ओट्यावर पालथं घातलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डबे भरायला हॉलवर गेलो. डब्यांचं काम मार्ज नावाच्या बाई बघायच्या. गावाचं दोन खोल्यांचं म्युझियमही त्याच सांभाळायच्या. काकूने बोलता बोलता निळ्या भांड्याचा विषय काढला.

मार्जच्या हातातला डाव थांबला.

"शरयू... तू ते भरून दिलंस?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. गाव नुकतं वसलं होतं तेव्हाची गोष्ट. माळावरच्या एका घरात सगळे तापाने पडले होते. इंगा नावाची बाई खिरीचं भांडं घेऊन त्यांच्याकडे निघाली आणि वादळात सापडली. बर्फ वितळल्यावर कुंपणापाशी भांडं मिळालं. झाकण लावलेलं, आत चाटूनपुसून लख्ख.

इंगा मिळालीच नाही.

तेव्हापासून गावात डबे पोचवायची पद्धत पडली. आणि तेव्हापासूनच वाईट हिवाळ्यात कुणाच्या तरी पायरीवर ते भांडं येतं.

"आम्ही ते धुऊन रिकामं ठेवतो," मार्ज म्हणाल्या. "रिकामं म्हणजे, मिळालं, आता तू जाऊन विसावा घे. भरलेलं दिलं तर तिला ते कुठेतरी पोचवावं लागेल ना? असं आजवर कुणी केलं नव्हतं, शरयू."

घरी आल्यावर काकूने ओट्यावरचं निळं भांडं कपाटात ठेवून दिलं.

दोन दिवसांनी काका सकाळी लांबच्या एका शेतावर पेशंट बघायला गेले. दुपारी आकाश खाली उतरलं. समोरचं घर दिसेना. मग अंगण दिसेना. मग खिडकीबाहेर नुसतं पांढरं.

हॉलवरचा भोंगा सुरू झाला.

शेतावरून फोन आला. डॉक्टर केव्हाच निघालेत. पोचले का?

नाही पोचले.

आणि फोन बंद पडला...

काकू खुर्चीत बसून राहिली. मग उठली, गॅस पेटवला आणि रवा भाजायला घेतला.

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी ओट्यापाशी धावले.

"काकू, नको! मार्ज काय म्हणाल्या ते विसरलीस?"

"नाही विसरले."

"प्लीज काकू. आपण भांडं रिकामं ठेवू. भोंगा वाजतोय ना, काका येतील."

"भोंगा ऐकू येण्याइतके जवळ असतील तर येतील." तिचे डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. "नसतील तर?"

शिरा निळ्या भांड्यात भरला. वर एक लवंग खोचली. काकांना आवडते म्हणून ती नेहमी खोचायची. मागचं दार उघडून भांडं पायरीवर ठेवलं आणि त्या पांढऱ्यात बघत ती चक्क मराठीत बोलली.

"बाई गं, माझा माणूस बाहेर अडकलाय. एवढं त्याला नेऊन दे."

मी तिला आत ओढलं. दार लावलं.

वारा थांबला...

एक श्वास, फक्त एक. बाहेर इतकं शांत झालं की भोंगाही ऐकू येईना. मग पायरीवर भांड्याचं झाकण वाजलं.

दार उघडायची माझी छाती नव्हती. काकूने उघडलं.

पायरी रिकामी होती.

अंधार पडायच्या सुमाराला बर्फ काढणाऱ्या ट्रकने काकांना घरी आणलं. जिवंत! काकू त्यांना धरून हमसाहमशी रडली. मीही रडले.

गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली होती. धुराची नळी बर्फात गाडली गेली, विषारी धूर आत येऊ नये म्हणून काकांनी इंजिन बंद केलं. थंडीने झोप यायला लागली. तिचा अर्थ डॉक्टरला वेगळा सांगावा लागत नाही.

"तेवढ्यात काचेवर टकटक झाली," काका म्हणाले. "एक बाई होती. डोक्याला रुमाल, अंगात साधा कोटही नाही. तिने भांडं पुढे केलं. शिरा होता, शरयू. वाफाळता. तुझ्या लवंगेसकट."

"तुम्ही खाल्लात?"

"सगळा. ती बघत उभी होती. भांडं परत देताना मला कसंतरीच वाटलं. रिकामं कसं द्यायचं? गाडीत तर काहीच नव्हतं." काकांनी काकूकडे पाहिलं. "मग मी तिला म्हटलं, घरी या. जेवायलाच या."

काकूच्या हातातला कप कलंडला.

आणि मागच्या दारावर टकटक झाली.

टक... टक...

कुणी हललं नाही. मग काकू उठली. तिने चौथं पान वाढलं. वरण, भात, तूप. दार उघडलं आणि बाजूला झाली.

मला काही दिसलं नाही. खोटं कशाला सांगू? फक्त थंडी आत आली आणि टेबलापाशी येऊन थांबली. भातावरची वाफ बघता बघता नाहीशी झाली. तूप गोठलं. आम्ही तिघं माना खाली घालून जेवलो.

दार आपोआप लागलं तेव्हा ती खुर्ची ओली होती. खाली पाण्याचं थारोळं.

पुढे दर हिवाळ्यात भांडं यायचं. दर हिवाळ्यात काकू ते भरायची आणि एक पान जास्त वाढायची. मार्ज पुन्हा कधी त्यांच्या घरात आल्या नाहीत.

रिटायर झाल्यावर काका-काकू आमच्याजवळ, इकडे दक्षिणेतल्या कॅरी गावात राहायला आले. इथे बर्फ क्वचितच पडतं. भांडंही कधी आलं नाही. मला वाटलं, संपलं. आधी काका गेले, मागच्या वर्षी काकू गेली.

आज संध्याकाळी कचरा टाकायला मागचं दार उघडलं...

अंगण कोरडं ठणठणीत. पायरीवर निळं भांडं. झाकणावर ताजं बर्फ. आत कोमट खीर.

मी ते धुतलंय. मार्ज म्हणाल्या होत्या तसं, रिकामंच ठेवायचं. चाळीस वर्षं मला पाठ आहे. नुसतं पायरीवर ठेवलं की सुटले.

पण विक्रम, माझा नवरा, अजून ऑफिसमधून आलेला नाही. फोन उचलत नाहीये.

बाहेर काही नसेल. ट्रॅफिक असेल. मी स्वतःला हेच सांगतेय.

रवा भाजायला घेतलाय.