पिंगळ्याचा ठोका

माझा मावसभाऊ नंदन याला थाप मारणं जन्मात जमलेलं नाही. म्हणून हे लिहितोय. जे घडलं ते त्याच्या घरात घडलं, टोरोंटोजवळच्या टाउनहाउसच्या बेसमेंटमध्ये. आणि वेळ रात्रीची नव्हतीच. फेब्रुवारीतल्या रविवारची दुपार होती.

दर रविवारी नंदनकडे चौघं जमायची. फाशांचा खेळ खेळायला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं, आणि पुढे काय होणार ते फाशांनी ठरवायचं. गोष्ट सांगायचा नंदन. उन्मेष योद्धा. दान चांगलं पडलं की टेबलावर मुठीने धपकन मारायची त्याची सवय. जया वैद्य.

आणि राजस चोर.

हा राजस रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबणारा माणूस. पण खेळात दर वेळी चोरच होणार! या वेळच्या चोराचं नाव त्याने ठेवलं होतं पिंगळा.

पिंगळ्याची रीत ठरलेली. अनोळखी घरात आधी तो एकटा शिरणार. आत धोका नसेल तर ठोका देणार. राजस तो टेबलावर वाजवून दाखवायचा.

टक टक... टक.

बाहेरच्याने उलट एकदाच वाजवायचं. म्हणजे, येतो.

त्यांच्या खेळात आणखी एक नियम होता. प्रत्येकाने आपल्या पात्राचं एक गुपित चिठ्ठीवर लिहून फक्त नंदनला द्यायचं. नंदनने ते वेळ येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

राजसची चिठ्ठी वाचून नंदन जाम खूश झाला होता. ‘पिंगळा एक दिवस अशा घरात शिरेल, जिथून बदली माणूस दिल्याशिवाय सुटका नाही. तिथून तो नेहमीचा ठोका देईल. तो खोटा असेल. जो उत्तर देईल तो पुढच्या रविवारी आत, आणि पिंगळा बाहेर.’

जानेवारीत पिंगळा गोष्टीतल्या त्या घराच्या दाराशी पोचला. राजस म्हणाला, "तुम्ही बाहेर वेट करा. मी आत चेक करून येतो."

खेळ तिथेच थांबवून सगळे उठले. घरी जाताना राजसची गाडी हायवेवर बर्फावरून घसरली.

राजस गेला.

महिनाभराने जयानेच पुन्हा बसायचं काढलं. खेळणारा गेला की त्याच्या पात्रालाही गोष्टीत मारून टाकायचं, असा साधा शिरस्ता. पण पिंगळ्याला मारायचं नंदनच्या जिवावर आलं. पिंगळ्याची माहिती लिहिलेला, खेळताना समोर ठेवायचा कागद त्याने राजसच्या रिकाम्या खुर्चीसमोर तसाच ठेवला.

पिंगळा त्या घरात आतच राहिला.

त्या दुपारी नंदनची बायको शुभदा ग्रोसरीला गेली होती. घरात ही तिघंच. लाँड्री रूममधला ड्रायर घरघरत होता. तो थांबला. एकदम शांत झालं. आणि मग...

टक टक... टक.

लाँड्री रूमच्या दाराआडून.

नंदनने उठून दार उघडलं. आत कुणी नव्हतं. आत्ताच थांबलेल्या ड्रायरला त्याने हात लावला... तो बर्फासारखा गार होता. त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही.

त्याने दार लावलं. पाठ वळवली.

टक टक... टक.

जया रडायला लागली. उन्मेषचे डोळेही भरून आले होते, पण तो हसत होता. म्हणाला, "ऑल क्लिअर देतोय रे आपला राजस. तो बरा आहे तिथे."

चिठ्ठीत काय आहे ते नंदनला एकट्याला ठाऊक होतं. पण गेलेला मित्र फसवतोय, हे त्या दोघांच्या तोंडावर कसं सांगायचं? "फर्नेसचे पाइप वाजतायत," एवढंच तो कसाबसा म्हणाला.

तोवर उन्मेष दारापाशी पोचला होता. त्याने दारावर एकदाच मूठ मारली.

धप.

आतून पुन्हा काही वाजलं नाही.

पुढचा आठवडाभर नंदनने दोनतीनदा उन्मेषला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. शिकलासवरलेला माणूस, एका खेळातल्या चिठ्ठीवरून कुणाला घाबरवणार? हसतील, असं त्याला वाटलं.

रविवारी सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढता काढता उन्मेष कोसळला आणि गेला. एक्केचाळीस वर्षांचा. दोन लहान मुली आहेत त्याला.

हॉस्पिटलमधून परतल्यावर नंदन बेसमेंटमध्ये गेला. लाँड्री रूमचं दार उघडं होतं. तिथून बुटांचे ओले ठसे निघाले होते... जिन्यावरून वर, पुढच्या दारापर्यंत. फक्त बाहेर जाणारे. आत येणारा एकही नव्हता.

टेबलावरून पिंगळ्याचा कागद नाहीसा झाला होता.

हे सगळं त्याने मला मार्चमध्ये सांगितलं. जयाला त्याने घरी यायची सक्त मनाई केली होती. शुभदाला काही दिवस तिच्या बहिणीकडे पाठवलं होतं. मी विचारलं, आता तर संपलं ना सगळं? तो म्हणाला, ठोके पुन्हा सुरू झालेत. पण बोटाचे नाहीत.

धप धप... धप.

"माझ्याकडे अख्खा आठवडा होता," तो म्हणाला. "मी एक फोन केला असता तर उन्मेष आज असता."

मी त्याला घर सोड म्हटलं. माझ्याकडे मॉन्ट्रियलला ये म्हटलं. तो हो हो म्हणत राहिला. मला तेव्हाच भीती वाटली होती, आणि ती का वाटली ते मी त्याला बोलून दाखवलं नाही. मीही त्याच्यासारखाच गप्प बसलो.

काल त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. उन्मेषच्या मुलींना भेटून आलो म्हणाला. धाकटी अजून संध्याकाळी खिडकीत जाऊन बसते म्हणे. बोलता बोलता तो थांबला. मागून मला स्पष्ट ऐकू आलं.

धप धप... धप.

मी म्हटलं, "नंदन, तिथून बाहेर पड. आत्ताच्या आत्ता."

आणि मग अगदी जवळून, फोनच्या बाजूलाच...

टक.

एकदाच.

"ठेवतो रे," तो म्हणाला. आवाज शांत होता. गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच इतका शांत.

तेव्हापासून तो फोन उचलत नाही. मी बॅग भरली आहे. गाडीने सहा तास लागतात, वाटेत बर्फ सांगितलाय. पोचून मी काय करणार आहे, ते मला ठाऊक नाही.

आज शनिवार आहे.