मोरिवलीच्या विहिरीतलं तांबं

"मुकेशच्या कारखान्याला टाळं लागलं पाहिजे," वैदेहीच्या ऑफिसात बसण्याआधीच चांगुणाबाईंनी निकाल दिला. "माझ्या विहिरीत तांबं सोडलंय त्याने. पालकाची जुडी कोण हातात घेईना!"

वैदेहीने पाण्याचा अहवाल पाहिला. तांबं भरपूर, निकेल अजिबात नाही. खासगी तपासात पडण्याआधी ती रसायनशास्त्र शिकवायची. तिचा तपासातला जोडीदार सम्यक पूर्वी विमा विकायचा, त्यामुळे त्याचा संशय सगळ्यांवर सारखाच असे.

मुकेश नळांना मुलामा द्यायचा. त्याचा कारखाना विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होता.

"मॅडम, पहिला तांब्याचा थर, वर निकेलचा. दोन्हीचं पाणी ह्याच कच्च्या गटारात. पण उद्या सील लागलं तर माझी माणसं कुठे जाणार?"

"कबुलीच की!" सम्यक म्हणाला.

चांगुणाबाईंचा दीर भगवान जमीन विकायला टपलेला. "विहीर बाद झाली तर वयनी विकंल, असं बोल्लो मी. बोलायला काय टॅक्स हाय?" त्याच्या पडवीत मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्याच क्षाराची, गोणी होती. शिवण शाबूत.

सम्यकने विहिरीत बिस्किटाचा चुरा टाकला. माशांची झुंबड उडाली.

अंगणात तांब्याचा हंडा लखलखत होता. "तपासणीचं पाणी ह्यातच ठेवलेलं," चांगुणाबाई चहा देत म्हणाल्या. "आतून-बाहेरून चिंचेने घासला, वरवर खंगाळला. रात्रभर गाळ बसू दिला, मग नितळ पाणी बाटलीत भरलं. गढूळ पाणी देऊन इज्जत घालवू?"

जाताना वैदेहीने गटार ते विहीर जागोजागची माती पिशव्यांत भरली. मातीचा अहवाल संध्याकाळी आला. तिने तिघांना अंगणात बोलावलं.

"तांबं अशा काळ्या, शेणखताच्या मातीला चिकटून बसतं. ते गटाराच्या काठाशीच सापडलं. निकेलला माती तेवढं धरून ठेवत नाही, ते पाण्याबरोबर पुढे सरकतं. गटारातून काही आलंच, तर आधी निकेल यायला हवं. पाण्याच्या अहवालात ते नाही."

"म्हणजे वरून ओतलं!" सम्यकने भगवानकडे बोट दाखवलं.

"गोणी उसवलेली नाही. आणि एवढ्या तांब्यात मासे जगले असते? विहिरीत तांबं नव्हतंच. ते बाहेर काढलेल्या पाण्यात शिरलं. चिंचेचा आंबटपणा आणि अख्खी रात्र."

सगळ्यांच्या नजरा हंड्याकडे वळल्या. चांगुणाबाईंनी त्यावर पदर टाकला.

"प्लॅस्टिकच्या बादलीतून द्यायचं होतं होय?" त्या पुटपुटल्या. मग मुकेशकडे न बघता म्हणाल्या, "तक्रार आत्ताच मागे घेते रे."

मुकेशने हात जोडले.

"हात नंतर जोड, आधी गटार पक्कं बांध," वैदेही म्हणाली. "तुझं निकेल अर्ध्या वाटेपर्यंत आलंय. केस मिटली हे त्याला कुणी सांगितलेलं नाही."