खटूबाची हाक

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या घरी. ताईने स्वतः सांगितलं, तेही माझा हात घट्ट धरून.

तिचे सासरे शिंपी. घरातल्याच पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. नात बोलायला लागली आणि त्या खटखटीवरून तिने आजोबांचं नाव ठेवलं, खटूबा. मग अख्खं घर त्यांना तेच म्हणू लागलं. नातीची हाक आली की म्हातारा मान वर न करता म्हणायचा, "आलो गं, दोरा संपू दे."

ते गेले तेव्हा नात चार वर्षांची. जेवेना, झोपेना. नुसत्या हाका मारायची.

शेवटी ताईने युक्ती काढली. तिचे वडील निवृत्त बसचालक, एकटेच राहायचे. त्यांना घरी आणलं आणि लेकीला सांगितलं, हेच आता तुझे खटूबा. वडील हसले. या वयात नवं नाव कोण देतंय, घेऊन टाकतो, म्हणाले.

पोर शांत झाली. ताईला वाटलं, सुटलो.

मग तो रविवार आला. दुपारचे साडेचार.

"खटूबा!" नातीने जिन्यातून हाक मारली.

"ओ," वडील म्हणाले.

आणि कुलूप लावलेल्या शिवणखोलीतून...

"ओ."

आवाज घुमला असेल, अशी ताईने मनाची समजूत घातली. पण मग रोजच दोन ओ येऊ लागले. वडिलांचा आवाज दिवसेंदिवस बसत चालला. खोलीतला मोकळा होत चालला. ताईने लेकीला दटावलं, हात जोडले. पोर ती, ऐकतेय कसली!

पुढच्या रविवारी हाक गेली... आणि वडील गप्प.

आतून मात्र उत्तर आलं. "आलो गं, दोरा संपू दे."

पोर आनंदाने दाराकडे धावली. ताईने तिला ओढून कवटाळलं. समोर खुर्चीत वडील बसलेले. तिने जीव तोडून हाक मारली.

"बाबा!"

वडिलांचे ओठ हलले नाहीत. डोळे भरून आले फक्त.

"ओ..."

हाही आवाज बंद खोलीतूनच आला होता. पण सासऱ्यांचा नव्हता. तिच्या बाबांचा होता.

कुलूप काढलं. आत मशीन आणि धूळ. दुसरं काही नाही.

त्या दिवसापासून वडील एक शब्द बोललेले नाहीत. घशात दोष नाही, असं डॉक्टर म्हणतात.

मी ताईला म्हटलं, सोड ना ते घर.

तिने माझा हात आणखी घट्ट धरला.

"आणि बाबांना तिथे एकटं ठेवू?" म्हणाली.

बाबा तिच्या शेजारीच बसले होते.